उपचार संपल्यानंतरची सोबत : व्यसनमुक्तीतले रिकव्हरी कोच

रिकव्हरी कोच म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला आणि त्याच वाटेवर नव्याने निघालेल्यांना सोबत करण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस. तो निदान करत नाही, गोळ्या लिहून देत नाही, बालपणीच्या जखमा उकलत बसत नाही. ती कामे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांची. दारू किंवा गर्द सुटल्यानंतर रोजचे आयुष्य पुन्हा उभे करताना शेकडो बारीकसारीक गोष्टी मार्गी लावाव्या लागतात. त्या लावताना कोच बरोबर असतो. अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत हे काम एक स्वतंत्र पेशा म्हणून उभे राहिले. तिथे त्याला प्रमाणपत्र आहे, पगार आहे आणि बहुतेक राज्यांत सरकारी आरोग्यविम्यातून त्याचा मोबदलाही मिळतो.

या कामाची गरज उपचारांच्या वेळापत्रकातच दिसते. शरीर व्यसनाच्या पदार्थापासून मोकळे व्हायला आठ-दहा दिवस लागतात, केंद्रातला मुक्काम महिना-दोन महिन्यांचा असतो. मग माणूस घरी येतो आणि पुढची तपासणी पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने ठरते. व्यसन मात्र दीर्घकाळ चालणारा आणि उलटणारा आजार आहे. अमेरिकेतल्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात. रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांचा आजार उलटण्याचे प्रमाण याहून कमी नाही, पण त्यांना कोणी नालायक म्हणत नाही. घसरण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत मोठा असतो; सलग चार-पाच वर्षे व्यसनाशिवाय काढली की तो बराच उतरतो. म्हणजे आधाराची गरज जेव्हा सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच उपचारव्यवस्थेची पकड सर्वांत सैल होते. त्या आठवड्यांत पगाराचा दिवस येतो, भावकीतले लग्न येते, घरात भांडण होते, आणि रोज एक रिकामी संध्याकाळ असतेच.

कोचचे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते पगाराच्या दिवसावरून चांगले समजते. समजा, कारखान्यातला एक कामगार महिनाभराचे उपचार घेऊन नुकताच कामावर रुजू झाला आहे. कोच त्याला विचारतो, ‘पगार कधी होतो? खात्यात की हातात? त्या दिवशी घरी कोणत्या रस्त्याने जाता? बरोबर कोण असते?’ उत्तरांतून चित्र उलगडते. पगार सात तारखेला खात्यात जमा होतो. एटीएम चौकात आहे, एटीएमच्या समोरच बार आहे, आणि सुटी झाली की तिघे-चौघे तिथे वाट पाहत उभे असतात. शिवाय त्या बारमध्ये उधारी थकलेली आहे. ही उधारी माणूस आपण होऊन सहसा सांगत नाही. त्याच वाटेने गेलेला कोच ती विचारून काढतो, कारण उधारी चुकवायला म्हणून बारची पायरी चढलेला माणूस किती वेळा रिकाम्या हाताने परत येतो, ते त्याला ठाऊक असते. मग दोघे मिळून सात तारखेची आखणी करतात. एटीएम कार्ड दोन महिने बहिणीकडे ठेवायचे. उधारीचे पैसे भावाने जाऊन द्यायचे. कारखान्याच्या मागच्या फाटकातून निघायचे, साडेसहाला कोचला फोन करायचा आणि सातला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एए या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगला बसायचे. मित्राने हात धरला तर काय म्हणायचे, त्याचीही तालीम होते: ‘डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय, घोट घेतला तर दवाखान्यात न्यावे लागेल.’ दारूबरोबर तीव्र त्रास देणारी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर हे वाक्य शब्दशः खरे असते.

या आखणीतला प्रत्येक निर्णय त्या कामगाराचा असावा लागतो. कार्ड कोणाकडे ठेवायचे, हे कोच ठरवत नाही. माणसाच्या तोंडूनच बदलाची कारणे निघावीत, अशा बेताने प्रश्न विचारण्याची ही पद्धत मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह विकसित केली. कोचच्या प्रशिक्षणात तिला मोठे स्थान आहे. उपदेश पुष्कळांनी केलेला असतो. आई-वडिलांनी, बायकोने, साहेबाने, पोलिसांनीही. त्याचा आणखी एक थर चढवून हाती काही लागत नाही.

कोच ज्या चौकटीतून माणसाकडे पाहतो तिला ‘रिकव्हरी कॅपिटल’, म्हणजे सावरण्यासाठीचे भांडवल, म्हणतात. रॉबर्ट ग्रॅनफील्ड आणि विल्यम क्लाउड या अमेरिकी अभ्यासकांनी ती १९९९ च्या सुमारास मांडली. कोणतेही उपचार न घेता व्यसन सोडलेल्या लोकांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की या माणसांकडे नोकरी, शिक्षण, टिकून राहिलेली नाती आणि समाजातली पत यांची शिल्लक होती. मनोनिग्रहाइतकीच ही शिल्लकही त्यांच्या कामी आली होती. ज्याच्याकडे यातले काही उरलेले नाही, त्याला नुसता निर्धार पुरत नाही. म्हणून कोचचा बराचसा वेळ वरकरणी व्यसनाशी संबंध नसलेल्या गोष्टींत जातो. हरवलेले आधार कार्ड पुन्हा काढणे, कोर्टाच्या तारखेला बरोबर जाणे, भाड्याची खोली शोधणे, कामाच्या ठिकाणी रजेचा अर्ज देणे, बोलणे बंद केलेल्या मुलाला पहिला फोन कधी करायचा ते ठरवणे. बाहेरून पाहणाऱ्याला ही किरकोळ मदत वाटते. सावरणे बहुतेकदा टिकते किंवा मोडते ते याच ठिकाणी.

एएमधला स्पॉन्सर आणि कोच यांत गल्लत होऊ नये. स्पॉन्सर एएच्या बारा पायऱ्यांच्या वाटेवरचा ज्येष्ठ सोबती असतो; तो पैसे घेत नाही, कोणत्याही यंत्रणेला बांधील नसतो आणि त्याची वाट एकच असते. कोच नोकरीत असतो, नोंदी ठेवतो, त्याच्या कामावर देखरेख असते. समोरच्या माणसाने एए निवडावे, औषधोपचार निवडावेत, देवळात जावे की योगवर्गाला, यात तो पक्ष घेत नाही.

समदुःखी माणसाने हात देण्याची रीत मात्र या पेशापेक्षा फार जुनी आहे. बाल्टिमोर शहरात १८४० च्या एप्रिलमध्ये गुत्त्यात जमलेल्या सहा दारुड्यांनी ‘वॉशिंग्टोनियन’ मंडळ काढले. सभेत उभे राहून आपली कहाणी सांगायची आणि नव्या माणसाला आणायचे, हा त्यांचा शिरस्ता. चळवळ वणव्यासारखी पसरली. अब्राहम लिंकन यांनी फेब्रुवारी १८४२ मध्ये स्प्रिंगफील्ड इथल्या मंडळापुढे भाषण केले. पण दशक संपेपर्यंत ती ओसरली. शपथ घेतलेल्या हजारोंचे दुसऱ्या महिन्यात काय झाले हे पाहणारी पक्की व्यवस्था तिच्याकडे नव्हती.

एएचा जन्म १९३५ चा. न्यू यॉर्कचे बिल विल्सन त्या वर्षीच्या मे महिन्यात ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात होते. धंद्याचे काम फसले होते आणि हॉटेलातला बार खुणावत होता. स्वतःला सावरण्यासाठी दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलणे भाग आहे, असे वाटून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली आणि त्यातून शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ भेटले. थोड्या मिनिटांसाठी ठरलेली भेट तासन्‌तास चालली. डॉ. बॉब यांनी १० जूनला शेवटचा घोट घेतला. तोच एएचा स्थापनादिन मानतात. पुढे दोघे मिळून अ‍ॅक्रनच्या रुग्णालयात दाखल असलेल्या एका दारुड्याच्या खाटेशी जाऊन बसले. आजच्या कोचच्या कामाचे बीज त्या भेटीत स्पष्ट दिसते. मदत देणाऱ्यालाही मदत होते, हा त्यातला अनुभव फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये ‘हेल्पर थेरपी’ या नावाने सिद्धांताच्या रूपात मांडला.

या इतिहासाची एक काळी बाजूही आहे. चार्ल्स डेडरिक या स्वतः दारू सोडलेल्या माणसाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ नावाची वसाहत सुरू केली. व्यसनमुक्त झालेल्यांनीच व्यसनींना बरे करायचे, बाहेरच्या तज्ज्ञांची गरज नाही, असा तिचा दावा होता. सुरुवातीला देशभर कौतुक झाले. पुढे अपमान करणे, डोकी भादरणे आणि मारहाण हीच तिथली रीत झाली, आणि १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध खटला जिंकलेल्या वकिलाच्या टपालपेटीत संस्थेच्या माणसांनी विषारी साप ठेवला. व्यसनाचा अनुभव माणसाला आपोआप शहाणा किंवा दयाळू करत नाही, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. अनुभवाला प्रशिक्षण आणि देखरेख यांची जोड हवी, हा आग्रह नंतरच्या काळात धरला गेला तो उगाच नाही.

तो आग्रह सरकारी नियमांत उतरला. मानसिक आजारातून सावरलेल्यांच्या समदुःखी-सेवेसाठी जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, पैसे द्यायला सुरुवात केली. केंद्रीय यंत्रणेने ऑगस्ट २००७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून असा मोबदला देण्याची वाट मोकळी केली, आणि त्यासाठी तीन अटी घातल्या: सक्षम व्यक्तीची देखरेख, रुग्णाच्या एकूण उपचार-आराखड्याशी सांगड, आणि प्रशिक्षण व प्रमाणपत्र. कनेक्टिकट राज्यातल्या ‘सीसीएआर’ या व्यसनमुक्तांनीच चालवलेल्या संस्थेने तयार केलेला तीस तासांचा अभ्यासक्रम पुढे अनेक राज्यांनी उचलला. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नमुना निकष जाहीर केले. त्यांत ४० ते ६० तासांचे प्रशिक्षण आणि १२० तासांचा देखरेखीखालचा अनुभव सुचवला आहे. जुन्या गुन्ह्याची नोंद असल्याच्या एकाच कारणावरून कोणाला दारातून परत पाठवू नये, असाही त्यांचा रोख आहे. तो रास्त आहे. व्यसनाच्या काळात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली माणसे बाजूला काढली, तर ज्यांच्या अनुभवाची सर्वाधिक गरज आहे तेच बाहेर राहतील.

कोचचे काम सर्वांत निकडीचे ठरते ते तातडीच्या विभागात. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात २०१४ मध्ये ‘अँकर-ईडी’ हा कार्यक्रम सुरू झाला. हेरॉइन किंवा फेंटॅनिलच्या अतिमात्रेने श्वास थांबत आलेल्या माणसाला नॅलोक्सोन देऊन शुद्धीवर आणले, की रुग्णालयातून फोन जातो आणि साधारण अर्ध्या तासात कोच खाटेशी हजर होतो. नॅलोक्सोनने जीव वाचतो, पण शरीरात एकदम विथड्रॉवल उसळते, ज्याला मुंबई-पुण्याचे गर्दुल्ले ‘टर्की’ म्हणतात. अंग मोडून येते, ओकाऱ्या होतात. त्या अवस्थेत माणूस उठून चालू लागतो आणि थेट पुन्हा मालाच्या शोधात निघतो. त्या खाटेवर आपणही असेच पडलो होतो, हे सांगू शकणारा माणूस तिथे असणे याला मोल आहे. कोच पाणी देतो, घोंगडी मागवतो, फोन चार्ज करायला वायर आणून देतो. मग विचारतो, ‘इथून कुठे जाणार?’ उपचार आज नको असतील तरी नॅलोक्सोनचा संच हातात देतो, तो कसा वापरायचा ते दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करण्याची परवानगी घेतो. काही दिवस अमली पदार्थ बंद राहिला की शरीराची सवय उतरते आणि पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते, हे त्या वेळी सांगणे अत्यावश्यक असते. तुरुंगातून किंवा केंद्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांच्या मृत्यूंत या कारणाचा वाटा मोठा असतो.

या सगळ्याचा उपयोग किती, याचे उत्तर संशोधनाने अजून मर्यादित दिले आहे. बॉस्टनमधल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इतर तक्रारी घेऊन दवाखान्यात आलेल्या हेरॉइन-कोकेन वापरणाऱ्या १,१७५ लोकांपैकी निम्म्यांशी व्यसनमुक्त झालेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी एकदा सविस्तर बोलणे केले आणि दहा दिवसांनी फोन केला. उरलेल्यांना केवळ लेखी माहिती मिळाली. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे ३१ टक्के लोकांनी हेरॉइन सोडलेले आढळले. एका संवादाचा एवढा परिणाम लक्षणीय म्हणावा लागेल. ऱ्होड आयलंडमधल्या ६४८ रुग्णांच्या चाचणीत कोच आणि परवानाधारक सामाजिक कार्यकर्ते यांची तुलना झाली. महिनाभरात उपचारांना लागलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३२ आणि ३० टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. यातून कोच कुचकामी ठरत नाहीत. अनेक वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण घेतलेल्या माणसाच्या बरोबरीने ते हे काम करू शकतात, असा त्याचा अर्थ घेता येतो. पण दोन्ही आकडे तिसाच्या घरात अडकले आहेत, आणि ती मर्यादा कोण बोलतो यापेक्षा पुढे उपचार किती सहज मिळतात याच्याशी जास्त बांधलेली असावी. आढावे घेणाऱ्या संशोधकांची तक्रार अशी की प्रत्येक अभ्यासात ‘कोच’ या नावाखाली वेगवेगळे काम मोजले गेले आहे.

औषधांच्या बाबतीत कोचची जबाबदारी मोठी असते. हेरॉइनसारख्या ओपिऑइडच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. तरीही काही स्वमदत गटांत गोळी घेणाऱ्याला ‘तू अजून क्लीन नाहीस’ असे ऐकवले जाते. हे मत घेऊन कोच कामावर आला तर तो जीव घालवू शकतो. दारूच्या बाबतीतही वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला ‘आजपासून बंद कर’ असा सल्ला परस्पर देणे धोक्याचे आहे. हात थरथरणे, दरदरून घाम, भास, आकडी ही लक्षणे दिसली की रुग्णालय गाठायचे, एवढे कोचला पाठ असावेच लागते.

बाकीच्या मर्यादा नात्याच्या आहेत. कोचने उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, प्रेमसंबंधात पडायचे नाही, स्वतःची कहाणी समोरच्याला उपयोग होईल तेवढीच सांगायची. रात्री अकराला ‘घेतली’ असा फोन आला तर ‘का घेतली’ हा प्रश्न सकाळपर्यंत थांबतो. आधी ‘आता कुठे आहात, बरोबर कोण आहे’ हे विचारायचे असते. असे फोन घेणाऱ्याचे स्वतःचे सावरणेही पणाला लागते. ओळखीचा माणूस अतिमात्रेने गेल्याची बातमी, रात्रीची जागरणे, तुटपुंजा पगार आणि ‘तू तर आमच्यातलाच’ म्हणून डॉक्टर-परिचारिकांकडून मिळणारी दुय्यम वागणूक यांचा भार मोठा असतो. कोचला स्लिप झाली, म्हणजे त्याचाच पाय घसरला, तर त्याला रजा, उपचार आणि परतीची वाट मिळेल अशी सोय संस्थेने आधीच लेखी करून ठेवावी. ती नसेल तर तो लपवतो, आणि लपवणे हीच पुन्हा व्यसनात पडण्याची सुरुवात असते.

भारतात एए १९५७ पासून आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी स्वतःच्या दारूच्या व्यसनातून बाहेर पडल्यावर १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले आणि बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीची त्याला जोड दिली. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले. त्यामागे अनिल अवचटांचे गर्दविषयीचे लेखन आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीचे बळ होते. बरे झालेले मित्रच तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक होत गेले. घरी गेलेल्यांचा पाठपुरावा, पत्नींचा ‘सहचरी’ गट, ही वीण तिथे अमेरिकेत हा पेशा आकाराला येण्याच्या आधीपासूनच होती. मराठी मुलखाला ही कल्पना परकी नाही. परका आहे तो तिला मिळालेला सरकारी दर्जा.

तो दर्जा इथे अर्धवट आहे. केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या आकृतिबंधात ‘पीअर एज्युकेटर’ हे पद आहे आणि ते वर्ष-दोन वर्षे व्यसनमुक्त असलेल्या माणसासाठी राखलेले आहे. सुईने नशा करणाऱ्यांसाठीच्या एचआयव्ही-प्रतिबंध कार्यक्रमातही असे कार्यकर्ते आहेत. पण ते केंद्राच्या किंवा प्रकल्पाच्या चौकटीत राहतात. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात दारू पिऊन पडलेल्या माणसाच्या खाटेशी बसणारे कोणी नसते. दुसरीकडे, नोंदणी नसलेल्या खासगी केंद्रांत जुन्याच व्यसनींना मुकादम करून रुग्णांना डांबणे आणि बडवणे चालते, अशा बातम्या देशाच्या अनेक भागांतून येत राहतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना आपल्या कक्षेत घेतले आहे, त्यामुळे असा छळ हा सरळ कायद्याचा भंग ठरतो.

गरज किती आहे ते सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसते: दारूच्या प्रश्नासाठी मदत हवी असलेले सुमारे ५.७ कोटी लोक, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे उपचार मिळालेला एक. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ तयार होणे नजीकच्या काळात शक्य नाही. पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसांकडून हे काम होते, याचा पुरावा गोव्याने दिला आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. स्थानिक, बिनतज्ज्ञ समुपदेशकांच्या जास्तीत जास्त चार भेटींनंतर तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. ते समुपदेशक स्वतः व्यसनातून गेलेले असावेत अशी अट नव्हती. प्रशिक्षण, ठरलेली पद्धत आणि नियमित देखरेख मात्र होती.

स्त्रियांसाठी ही सोबत आणखी दुर्मीळ आहे. दारू पिणारी बाई लाजेपोटी घराबाहेर बोलत नाही, एएच्या बहुतेक मीटिंगांत तिला एकटीच बाई म्हणून बसावे लागते, आणि पुरुष कोचने रात्री फोन केला तर घरात नवे संशय उभे राहतात. तिला बाईच कोच लागते. अशा बायका तयार व्हायच्या तर आधी त्यांच्या उपचारांची स्वतंत्र सोय हवी. मुक्तांगणचे ‘निशिगंध’ हे केवळ स्त्रियांसाठीचे केंद्र त्या मोजक्या ठिकाणांपैकी आहे. मदतीची पहिली चौकशी करायला केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. व्यसनी माणसाबरोबरच त्याची बायको, आई किंवा बहीणही तिच्यावर फोन करू शकते.